तहान नाही म्हणालास, दादा

दादा,

काल तुझी शोकसभा झाली. भैरवनाथाच्या देवळापुढे, तात्या पाटलांच्या अध्यक्षतेखाली. हो, तात्याच. तुझ्या फोटोला हार त्यांनीच घातला आणि घसा खाकरून म्हणाले, "आपल्या गावाचं भूषण गेलं. चार गावं एक करायचं सपान बघणारा पैला माणूस ह्याच मातीतला व्हता." लोकांनी माना डोलावल्या. मग त्यांनी जाहीर केलं, की महानगरपालिका आता आपल्या गावात पाण्याची टाकी बांधणार आहे आणि त्या टाकीला तुझं नाव द्यायचं ठरलं आहे. टाळ्यासुद्धा पडल्या. शोकसभेत टाळ्या! तू असतास तर हसून लोळला असतास.

मी बायकांत बसले होते. वहिनीने माझा हात दाबून धरला होता, कारण तिला माझं तोंड माहीत आहे. नाहीतर तिथेच उठून विचारलं असतं, की तात्या, याच देवळापुढे उभं राहून तुम्हीच म्हणाला होतात ना, "भैनीच्या घरी पाणी नेणारा आमाला नगं"? तेव्हाही लोकांनी अशाच माना डोलावल्या होत्या. माणसं तीच, माना त्याच. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

घरी आल्यापासून डोकं भणभणतंय. म्हणून तुझ्याशी बोलत बसले आहे. आता तरी मध्ये तोंड घालणार नाहीस.

तू जर्मनीहून आलास तो दिवस आठवतो? भोसरीपलीकडे कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, जमिनी गेल्या होत्या, आणि आपल्या गावातून कंपनीत चिकटलेला तू पहिला. टूलरूममध्ये तुझा हात बसला म्हणून साहेबांनी तुला शिकायला तिकडे पाठवलं. तुझ्याबरोबरचे ट्रान्झिस्टर घेऊन आले, कुणी नायलॉनची साडी घेऊन आलं. तू काय आणलंस? एका म्हातारीची गोष्ट! आप्पा वहिनीला म्हणाले होते, "ह्याला इमानातून उतरताना डोक्याला काय लागलं का बघ."

पण गोष्ट तू सांगायचास मात्र झकास. सरहद्दीजवळच्या गावात तू तिच्या घरी भाड्याने राहायचास. तिचा नवरा पहिल्या लढाईत गेला, मुलगा दुसऱ्या लढाईत, दोघांनाही मारलं पलीकडच्या शेजाऱ्यांनी. आणि तीच म्हातारी आता दर शनिवारी सरहद्द ओलांडून पलीकडे भाजी आणायला जात होती. तू तिला विचारलंस, हे कसं काय जमलं? तर ती म्हणाली, मन बदललं म्हणून नाही जमलं रे बाबा, मनं कुणाचीच बदलली नाहीत. कोळसा आणि पोलाद, ज्याच्या तोफा होतात तेवढंच सहा देशांनी मिळून एका ठिकाणी ठेवलं. त्याचा कारभार करणारी माणसं लक्झेंबर्ग नावाच्या, आपल्या जिल्ह्यापेक्षाही लहान देशात बसतात. आणि तिथे बसताना शपथ घेतात, की मी माझ्या देशाचं ऐकणार नाही.

"स्वतःच्या देशाचं ऐकणार नाही?" मी म्हटलं होतं. "मग त्याला पाठवायचं तरी कशाला?"

"तेच तर मुद्द्याचं आहे बाई," तू म्हणालास, आणि तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते आजतागायत मिटलेलं नाही.

मी शाळेत चौथीला नागरिकशास्त्र शिकवायची. तुला म्हटलं, हे बघ, खाली ग्रामपंचायत, तिच्यावर पंचायत समिती, तिच्यावर जिल्हा परिषद. तुझं हे जे काय आहे ते कुठे बसतं? तू म्हणालास, कुठेच नाही. ते वरून लादलेलं नाही. गावांनी आपल्या हक्कातला एक तुकडा आपणहून काढून मध्ये ठेवायचा. गावकी आपली आपल्याकडे, देऊळ आपलं, जत्रा आपली, भांडणं आपली. फक्त पाणी सगळ्यांचं.

पाण्याची गरज कुणाला नव्हती? आपल्या गावची विहीर पहिल्यापासून मचूळ. माझं लहानपण त्या पाण्यात डाळ शिजायची वाट बघण्यात गेलं. माझ्या सासरची विहीर एके काळी चांगली होती, पण ओढ्याला कंपनीचं सांडपाणी आलं आणि पाण्यावर तेलाचा तवंग दिसू लागला. टेकडीवरच्या गावाची विहीर होळीलाच तळ दाखवायची. रस्त्यावरच्या गावाचं त्यातल्या त्यात बरं होतं. इंद्रायणीवरून पंपाने पाणी आणायचं तर एकट्या गावाची ऐपत नाही, आणि पंप द्यायला कंपनी तयार होती ती चारही गावं मिळून मागणार असतील तरच. तू तीन पावसाळे सायकल हाणत हिंडलास, सरपंचांच्या ओट्यांवर बसलास, चहा पिऊन पिऊन पित्त करून घेतलंस, तेव्हा कुठे चार ग्रामपंचायतींनी ठराव केले आणि तुझी ती पाणी समिती झाली.

पहिल्या बैठकीला चारही गावांचे एकेक मानकरी एका जाजमावर बसले. आपल्या गावाकडून तू, माझ्या सासरकडून माझे मामंजी. अध्यक्षपद दर वर्षी फिरतं. पहिला मान कुणाचा यावरच भांडण लागणार होतं, तर तू सांगितलंस, ज्याची विहीर सगळ्यात वाईट तो पहिला. मग काय, प्रत्येकजण आपलीच विहीर कशी वाईट ते सांगायला लागला! एरवी पाहुण्याला आपलंच पाणी अमृत म्हणून सांगणारी ही माणसं.

आणि मग तू ती शपथ काढलीस. कागदावरच्या सहीला आपल्याकडे कोण विचारतो, हे तुला पक्कं ठाऊक होतं. म्हणून खंडोबाचा बेल-भंडारा आणलास. प्रत्येकाने उचलायचा आणि म्हणायचं, या जाजमावर बसलो की मी माझ्या गावाचा नाही. बेल-भंडारा उचलून मोडायची छाती कुणाची होणार? तू खूश होतास. म्हणालास, "बघ, लक्झेंबर्गवाल्यांकडे खंडोबा नाही, आपल्याकडे आहे."

तिथेच चुकलास, दादा. शपथ सगळ्यांनी घेतली, भक्तिभावाने घेतली. पण पाइपाची रुंदी किती, इतकं विचारलं तरी उत्तर यायचं, "गावाला इचारून सांगतो." त्यात त्यांना शपथ मोडल्यासारखं वाटायचंच नाही. गाव म्हणजे आई, आईला विचारण्यात कसली आलीय खोट? मामंजीसुद्धा तसेच. घरी येऊन म्हणायचे, "सूनबाई, तुझा भाऊ शहाणा हाय, पर त्याला कळत न्हाई. मी गावचा न्हाई तर मग तितं बसलोय कोण?" मला हसू यायचं. आणि खरं सांगू, मला ते पटायचंही.

शपथ फक्त तुलाच लागली.

पाइप आले, पंप बसला, आणि प्रश्न आला की पहिली शाखा कुठल्या गावाला. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे घरटी एक तरी पोर काविळीने पिवळं पडलं होतं. माझी शालू त्यातलीच. तू तिला बघायला आलास, तिच्या डोळ्यांकडे बघितलंस आणि सायकलवर टांग टाकून निघून गेलास. पुढच्या बैठकीत टेकडीवाले म्हणाले, आम्हाला आधी. मामंजी म्हणाले, आम्हाला. रस्त्यावरच्या गावाने आमच्या बाजूने हात वर केला, कारण त्यांचा पाइप पुढे आमच्याकडूनच जाणार होता. उरलास तू. आपलं गाव बाहेर देवळाच्या पायऱ्यांवर बसलं होतं. सगळ्यांची खात्री होती की तू आपल्या गावासाठी अडून बसणार. तू समितीचा नियम वाचून दाखवलास, ज्याचं पाणी सगळ्यात वाईट त्याला पहिलं, आणि हात वर केलास. माझ्या सासरच्या बाजूने.

पुढचं काय सांगू? तुला माहीतच आहे, पण मला बोलायचं आहे. तात्यांनी तिथल्या तिथे ते भैनीचं वाक्य टाकलं. भावकीतल्या एकानेही त्यांचं तोंड धरलं नाही. त्या वर्षी जत्रेत पहिल्या नारळाचा आपल्या घराण्याचा मान काढून तात्यांना दिला. आप्पा देवळाची पायरी चढले नाहीत, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. तुला समितीतून परत बोलावलं, आणि तुझ्या जागी दुसरा कुणी पाठवला नाही. रुसलेल्या जावयासारखं गाव घरात बसलं. जाजमावर आपल्या गावाची जागा रिकामी.

तू काय केलंस? पेपर घेऊन माझ्या शाळेत आलास! म्हणालास, "हे बघ, तिकडेही असंच झालंय. एक मोठा देश रुसलाय, खुर्ची रिकामी ठेवून बसलाय. म्हणजे आपलं बरोबर चाललंय." अरे, डोंबलाचं बरोबर! बाप अंथरुणाला खिळलाय, बायकोला पाणवठ्यावर कुणी शेजारी उभं करत नाही, आणि हा गडी युरोपातला रुसवा वाचून दाखवतोय. मी तुला सगळ्या मुलींसमोर ओरडले. पण नंतर घरी जाऊन शालूला नळाचं पाणी पाजलं, आणि देवापुढे तुझ्या नावाने हात जोडले. दोन्ही खरं आहे.

त्या दिवाळीला मी भाऊबीजेचं ताट केलं. अनारसे केले, तुला आवडतात म्हणून. अंगणात रांगोळी काढून बसले. तुझ्याऐवजी वहिनीचा निरोप आला, की समिती आहे तोवर तुझ्या घरी येणार नाही, पाणीसुद्धा पिणार नाही, कुणाला बोट दाखवायला जागा नको. मामंजी म्हणाले, चंद्राला ओवाळ, भाऊ नसला की तसंच करतात. भाऊ नसला की! तू चार मैलांवर धडधाकट बसला होतास. ओवाळलं चंद्राला. तो काय ओवाळणी घालणार, कपाळ?

समितीचं पुढे काय झालं ते तुला माझ्या तोंडून ऐकायला आवडायचं नाही, पण ऐक. आपल्या गावाची समजूत काढायला उरलेल्या तिघांनी नियम बदलला, की ज्या गावाला एखादी गोष्ट जिव्हाळ्याची वाटेल तिच्यात त्याच्या होकाराशिवाय काही करायचं नाही. तू ओरडून सांगत होतास, हे करू नका, समिती मरेल. पण तुला आता मत नव्हतं. आपलं गाव तेवढ्यावरही आलं नाही ते नाहीच, आणि बाकीच्यांना मात्र त्या दिवसापासून सगळंच जिव्हाळ्याचं वाटायला लागलं. वॉल्व्ह जिव्हाळ्याचा, चावी जिव्हाळ्याची, पंपावर बसणारा माणूस कुणाच्या भावकीतला तेही जिव्हाळ्याचं. बैठका व्हायच्या, चहा व्हायचा, आणि गावाला विचारून सांगतो म्हणून उठायचे.

आणि तू, ज्याला काढून टाकलं होतं तो, प्रत्येक बैठकीला जायचास. जाजमावर नाही, दाराशी. आमच्या गावात बैठक असली की तुझी सायकल माझ्या दारावरून जायची. एकदा चैत्रातलं ऊन, तुझा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. मी कोपऱ्यावरच्या नळावर घागर भरत होते. तुझ्या हात वर करण्याने आलेल्या नळावर. मी हाक मारली, "दादा, थांब. घोटभर पाणी तरी पी."

तू सायकल थांबवलीस. एक पाय जमिनीवर टेकवलास. घागरीकडे बघितलंस, आजूबाजूच्या बायकांकडे बघितलंस.

"तहान नाही," म्हणालास.

ओठ फुटले होते तुझे! मी तिथेच घागर पालथी केली. बायका म्हणाल्या, अगं पाणी वाया कशाला घालवतेस. मी म्हटलं, ज्याने आणलं त्याला नको, तर मला तरी काय करायचंय.

पुढे सरकारने एका हुकमात नगरपालिका केली. ना जाजम, ना भंडारा, ना कुणाला विचारणं. तुला जे बारा वाटांनी फिरून जमलं नाही ते एका सहीने झालं. समिती आपोआप विरली, तिचे पाइप पालिकेने घेतले. हद्दीची रेघ आखताना पाइप नसलेलं आपलं गाव बाहेर राहिलं, आणि आता कुठे महानगरपालिका झाल्यावर आत आलं. म्हणजे तात्यांच्या रुसव्यापायी सगळं गाव इतकी वर्षं मचूळ पाणी पीत राहिलं, आणि उन्हाळ्यात टँकरमागे धावत राहिलं. आणि वर टाकीला तुझं नाव. कोडगेपणाला काही सीमा?

समिती संपली तेव्हा मी तुझ्याकडे आले होते, आठवतं? म्हटलं, झालं ना आता, उद्या जेवायला ये. तू सुपारी कातरत होतास.

"आता आलो तर तात्या म्हणतील, बघा, एवढ्यासाठीच थांबला होता."

"म्हणू देत. तात्यांच्या तोंडाला तू काय झाकण बसवणार आहेस?"

"माझं नाव गेलं तर चालेल गं," तू म्हणालास. "पण मग पुढे कुणी असं काही करायला निघालं, तर त्याला सांगायला एकही माणूस उरणार नाही, की शपथ पाळता येते."

"तुझ्या त्या लक्झेंबर्गवाल्यांना बहिणी नसतात का रे?"

"असतील की. पण इतक्या तोंडाळ नसतील."

हसलो आपण दोघंही. वहिनीही हसली. पण तू आला नाहीस. शालूच्या लग्नाला आलास तेही मंगल कार्यालयात, आणि अक्षता टाकून पंगतीच्या आधी निघालास. मामा म्हणून तिच्यामागे उभं राहायला दुसरा मामा शोधावा लागला. ते मी तुला माफ केलेलं नाही. आजही नाही.

मला तुला एकच विचारायचं होतं. इतकी वर्षं ओठावर होतं. तू हात वर केलास तो नियमासाठी, की शालूचे पिवळे डोळे बघून आला होतास म्हणून? विचारलं नाही, कारण तू नियमासाठी म्हणाला असतास तर मी तुझी कोण? आणि शालूसाठी म्हणाला असतास, तर तात्या खरे ठरले असते. दोन्हीकडून मीच मरत होते. तूही कधी आपणहून बोलला नाहीस.

गेल्या महिन्यात वहिनीचा सांगावा आला तशी मी निघाले. उन्हाचा प्रवास म्हणून नेहमीसारखा फिरकीचा तांब्या घरच्या नळावर भरून घेतला होता. तू खाटेवर, हाडांची मोळी नुसती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. दुपारची वेळ, वहिनी स्वयंपाकघरात पेज करत होती. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "पाणी."

कोपऱ्यात तुमचा माठ होता. मी उठलेही होते त्याच्याकडे जायला. मग काय झालं कुणास ठाऊक, मागे फिरले आणि तांब्याची फिरकी काढली. भांड्यात ओतलं, तुझ्या मानेखाली हात घातला.

तू विचारलंस, "कुठलं?"

बघ, मरायला टेकलेला माणूस, आणि चौकशी कसली!

मी म्हटलं, "आपल्या विहिरीचं."

तू प्यायलास. सावकाश, घोट घोट घेत, सगळं भांडं. मग माझ्याकडे बघत राहिलास. डोळ्यांत तोच लहानपणीचा मिस्कीलपणा, माझी खोडी पकडल्यावर असायचा तो.

"गोड आहे," म्हणालास. "अजून दे."

आपल्या विहिरीचं पाणी कधीच गोड नव्हतं, दादा.